चैत्रातला वळीव: तुमच्याकडची हवा, नोंदी आणि उपाय लिहा

काल दुपारी चारला पुण्याच्या पूर्वेला ढगांचे मनोरे चढले आणि जुनं मोजमाप आठवलं, म्हणून हा धागा. पावसाळ्यातला पाऊस पश्चिमेकडून येतो, वळीव बहुतेकदा पूर्वेकडून. सकाळी आकाश स्वच्छ, दुपारी हवा कुंद आणि वारा अचानक पडला, की तासाभरात धूळ उडणार हे धरून चाला. पारा एका झटक्यात ८-१० अंश उतरतो.

घरी पाऊस मोजायचा तर १६ सेंमी व्यासाच्या तोंडाचं नरसाळं घ्या. क्षेत्रफळ साधारण २०० चौ. सेंमी, म्हणजे २० मिली पाणी = १ मिमी. वेधशाळेची रोजची नोंद सकाळी ८.३० ची, आपणही तीच वेळ पाळावी. २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो 'पावसाचा दिवस'. भांडं भिंतीला चिकटवून ठेवू नका. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर हवं, नाहीतर आडोशाने पाऊस कमी भरतो.

बाकीच्यांनी आपापल्या गावचं लिहा. विषयांतर चालेल, होणारच आहे.

घाटमाथा: गारा पडल्या तर नरसाळ्यातच साचून राहतात आणि उडूनही जातात. मोजून १०० मिली गरम पाणी ओतून वितळवायच्या, शेवटी ते १०० वजा करायचे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर हे सगळ्यांनाच माहीत असायला हवं.

पाटावरची: कुरडयांचं कुणी बोलत नाही?! गहू ३ दिवस भिजवा, पाणी रोज बदला, नाहीतर वास येतो. वाटून चीक गाळून रात्रभर ठेवला की सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. घट्ट चीक १ वाटी तर पाणी १ वाटी, मीठ-हिंग घालून उकळी, मग चीक ओतत एका हाताने सतत ढवळायचं. गुठळी झाली की सोऱ्यात अडकते. वळीव आला तर अर्धवट वाळलेल्या कुरडया एकावर एक रचू नका, आंबतात. घरात चादरीवर सुट्ट्या पसरून पंखा. आता कुकरची शिट्टी झाली, उरलेलं नंतर.

कृष्णाकाठ: कुरडई परवडली हो ताई, इथे बेदाणा शेडवर आहे. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, त्यात द्राक्षं २ ते ६ मिनिटं बुडवून जाळीवर. साधारण ४ किलोचा १ किलो बेदाणा. हवेत दमटपणा आला की वाळायला दिवस वाढतात आणि माल काळा पडतो, तासगावच्या बाजारात भाव तिथेच पडतो. पाऊस दिसला की वाऱ्याच्या बाजूचा पडदा सोडा, पण चारही बाजू बंद करू नका. आत वाफ कोंडली की पावसापेक्षा वाईट.

ठाणेकर: आमच्याकडे वळीव कुठला, नुसती काहिली. मार्चमध्ये सकाळी जमिनीवरून कोरडा पूर्वेचा वारा, आणि समुद्राचं वारं अकरा-बाराऐवजी दोनला आलं की ३८-३९ ठरलेलं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ होतं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलवल्या.

घाटमाथा: पुण्यातलं शिमला ऑफिसही तसंच, हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून १९२८ ला इकडे आलं म्हणून नाव. चौकात रोज रिक्षा सोडणाऱ्यांना माहीत नसतं 😄

दापोलीकर: हापूसचं लिहितो, घाईत आहे. जमीन तापली की फळात साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा. झाडाखाली वाळलेलं गवत-पालापाचोळा पसरा, काढणी सकाळी किंवा उतरत्या उन्हात, चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाल्यावर देठासकट झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने. काढलेला आंबा उन्हात जमिनीवर ठेवाल तर सगळं मुसळ केरात. पाऊस पडून गेला असेल तर करप्यासाठी (बुरशीचा रोग) ५२ अंश गरम पाण्यात १० मिनिटं. ५५ च्या वर गेलं की साल भाजते, थर्मामीटर वापरा, अंदाज नको.

वऱ्हाडी: वळीव येऊन गेला की कूलर गार हवा देत नाही अशी तक्रार सगळीकडे. अहो हवेत आधीच पाणी आहे, आणखी कुठे मुरणार. पंप बंद, नुसता पंखा, समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद ठेवून कूलर चालवणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा.

पाटावरची: पन्ह्यात वेलची की जायफळ ते सांगा कुणी, चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे.

ठाणेकर: वेलची. थोडं केशर. वाद नको.

कृष्णाकाठ: आणि गूळ. साखर टाकणाऱ्यांशी वाद घालणारच.

घाटमाथा: विजेबद्दल राहिलं. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजा, ३ ने भागा, तितके किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. झाडाखाली मुळीच नाही. 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमचं (उष्णदेशीय हवामान संस्था) आहे.

वऱ्हाडी: १६ सेंमीचं नरसाळं बाजारात नाही, १४.५ चं आहे. चालेल का दादा?

घाटमाथा: चालेल की. ७.२५ × ७.२५ × ३.१४ = १६५, म्हणजे १६.५ मिलीला १ मिमी. व्यास आतल्या कडेपासून मोजा, बाहेरून नाही.