‘डॅनियल बून’ मालिकेतील मैत्री : पुढचे पाऊल की सोयीचा पडदा?

रानवाट :
अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर १९६४ ते १९७० या काळात चाललेल्या ‘डॅनियल बून’ या मालिकेत केंटकीतील बून्सबरो वस्तीची गोष्ट आहे; बून हा अठराव्या शतकातला खराखुरा गोरा वाटाड्या आणि शिकारी. फेस पार्करचा बून आणि एड एम्सचा मिंगो यांची मैत्री हा तिचा गाभा. मिंगोची आई चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीची, वडील इंग्रज उमराव आणि शिक्षण ऑक्सफर्डचे. म्हणजे दोघांत अधिक शिकलेला तोच. ज्या वर्षी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला, त्याच वर्षी हे घराघरांत दिसू लागले, याचे मोल मला मोठे वाटते. शेवटच्या हंगामात रोझी ग्रियर यांनी गुलामीतून निसटलेला गेब कूपरही उभा केला.

नदीकाठ :
मिंगो ऑक्सफर्डला गेला म्हणूनच तो चालून जातो. बरोबरीचा ठरण्यासाठी त्याला आधी अर्धा इंग्रज व्हावे लागले. भूमिकाही मूळ अमेरिकी नटाला नव्हे, तर ज्यू स्थलांतरितांच्या मुलाला, एड एम्सला मिळाली. मुख्य आक्षेप मात्र जमिनीचा आहे. १७७५ मध्ये सिकॅमोर शोल्स येथे रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीने चेरोकी पुढाऱ्यांकडून सुमारे दोन कोटी एकर जमीन घेतली, ड्रॅगिंग कनू या तरुण पुढाऱ्याने तिथेच कडाडून विरोध केला, आणि त्या जमिनीकडे जाणारी वाट पाडणारा कंपनीचा माणूस म्हणजे आपला बून. तिथे शिकार करणारी दुसरी मूळ जमात, शॉनी, यांचे लोक तर या व्यवहारात नव्हतेच. मैत्री एकदा रंगवली की सातबारा कोणाचा, हे विचारायचे राहून जाते.

रानवाट :
करमणुकीच्या मालिकेकडून फेरफार नोंदींची अपेक्षा मला जादा वाटते. ‘लोन रेंजर’ या त्याआधीच्या मालिकेत नायकाचा मूळ अमेरिकी साथीदार टोंटो याच्या भूमिकेत जे सिल्व्हरहील्स हे खरोखरच मोहॉक जमातीचे होते, पण त्यांच्या तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी घातली होती. मिंगो निदान बूनशी बरोबरीने वाद घालतो.

जुनी बखर :
खरी गोष्ट या दोन्ही बाजूंपेक्षा अवघड आहे. फेब्रुवारी १७७८ मध्ये मीठ काढायला गेलेल्या साथीदारांसह बून शॉनींच्या हाती लागला. ब्लॅकफिश या प्रमुखाने त्याला मुलगा मानले. डोक्यावरचे केस उपटून शेंडी राखली, नदीत घासून न्हाऊ घातले असे सांगतात, आणि नाव दिले शेल्टोवी, म्हणजे मोठे कासव. बून तिथे काही महिने रमला, मात्र बून्सबरोवर चालून जाण्याची तयारी पाहताच जूनमध्ये पळाला आणि चार दिवसांत सुमारे अडीचशे किलोमीटर तुडवून घरी पोहोचला. सप्टेंबरमध्ये वेढा घालायला आला तो हाच मानलेला बाप. वेढा उठल्यावर स्वकीयांनी बूनवर शरणागतीबद्दल लष्करी खटला भरला. त्यातून तो निर्दोष सुटला. या नात्यात माया होती आणि दगाही होता. मालिकेने त्याऐवजी काल्पनिक मिंगो आणला, कारण त्याला कधी बाजू बदलावी लागत नाही. आणि गेब कूपरचे कौतुक करताना हेही ध्यानात असावे की खऱ्या बूनकडे पुढे स्वतःचे गुलाम होते.

रानवाट :
ब्लॅकफिशचा प्रसंग मालिकेत यायला हवा होता, हे मान्य. तरीही त्या काळच्या एखाद्या मुलाने मिंगोलाच नायक मानले असेल, तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही.

नदीकाठ :
त्याच मुलाने कितीतरी भागांत शॉनींना शत्रू म्हणूनच पाहिले. एक मिंगो आपला आणि बाकीची टोळी परकी, ही मांडणी त्याला मिंगोच्या मैत्रीमुळेच न्याय्य वाटली असणार.