पिंपळपानाची जाळी अखंड निघत नाही, मदत हवी आहे

गुहागरला राहतो. चार आणि सात वर्षांच्या मुलांसोबत परसातली पानं गोळा करून भेटकार्डं करतोय. बाकी सगळं जमतं, पिंपळाची जाळी तेवढी अडलीय.

पानं बादलीत भिजत घातली, वर चपटा दगड ठेवला. डासाला अंड्यातून निघून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. कडेचा गर सुटलाय, पण मधल्या शिरेलगत हिरवा पापुद्रा चिकटूनच आहे. दात घासायच्या जुन्या ब्रशने हलकेच घासलं तरी नेमकं शेपटीसारखं टोक तुटतं, आणि मग थोरलीचा चेहरा बघवत नाही. फणसाचं पान तर ढिम्म, त्याचा नाद सोडला.

धुण्याचा सोडा घालून उकळतात ते माहीत आहे. धाकटा सगळ्यात हात घालतो, त्यामुळे तो उपाय नको. वासाचं काही नाही, बादली गोठ्यामागे आहे.

सारखं पाणी बदलल्यानेच कुजणं लांबतंय का? न बदलता तोंडाला घट्ट फडकं बांधून ठेवलं तर चालेल? आणि पान कोवळं घ्यावं की जून?