टर्मिनलमधून चालणारा हॅस्केलचा कर्नल आयकॉनवरून का चालत नाही?

प्रश्न (ठाणे पश्चिम)

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेची प्रात्यक्षिके ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये सेल नावाच्या चौकटींत कोड लिहून चालवण्याचे साधन) घ्यावीत या विचाराने उबुंटू २२.०४ असलेल्या प्रयोगशाळेतील एका संगणकावर आयहॅस्केल (ज्युपिटरसाठी हॅस्केलचा कर्नल, म्हणजे सेलमधला कोड चालवणारा प्रोग्राम) बसवून पाहत आहे. सुरुवातीलाच लिंकर (कंपाइल झालेल्या कोडला लायब्ररी जोडणारा प्रोग्राम) '-एलटिन्फो सापडत नाही' असे सांगून थांबला, आणि त्याच वेळी सिस्टिमच्या लिब फोल्डरमध्ये 'लिबटिन्फो.एसओ.६' ही फाइल मला डोळ्यांसमोर दिसत होती. 'लिबटिन्फो-डेव्ह' हे पॅकेज टाकल्यावर अडचण सुटली, पण ती का सुटली हे मला समजलेले नाही.

त्यानंतर झिरोएमक्यू (प्रोग्राममध्ये संदेशांची देवाणघेवाण करणारी लायब्ररी) नसल्याची तक्रार आली, तेव्हा एका जुन्या टिपणाप्रमाणे मी ती लायब्ररी सोर्समधून कंपाइल करून माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवली आणि बॅशआरसी फाइलमध्ये (टर्मिनलमधील बॅश सुरू होताना वाचते ती) 'एलडी_लायब्ररी_पाथ' या, लायब्ररी कुठे शोधायची हे सांगणाऱ्या, व्हेरिएबलला तो पत्ता दिला. आता टर्मिनलमधून नोटबुक उघडले की हॅस्केलचे सेल व्यवस्थित चालतात. डेस्कटॉपवरील आयकॉनवर क्लिक करून तेच नोटबुक उघडले, की कर्नल बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. लॉगमध्ये 'लिबझेडएमक्यू.एसओ.५' ही फाइल उघडता आली नाही अशी ओळ येते. त्याच आयकॉनवरून पायथनचा कर्नल मात्र निर्वेध चालतो, आणि तोही झिरोएमक्यूच वापरतो. विद्यार्थी आयकॉनवरूनच नोटबुक उघडणार असल्यामुळे मला यावर पक्का उपाय हवा आहे.

उत्तर (ऐरोली)

ताई, लिबटिन्फोचा उलगडा आधी करतो, कारण तिथे फाइल असूनही नसल्यासारखी का वागते हे एकदा लक्षात आले की पुढचे सोपे जाते. बांधणीच्या वेळी लिंकर 'लिबटिन्फो.एसओ' हे आवृत्तीक्रमांक नसलेले नाव शोधतो. आपल्याला दिसलेली '.६' असलेली फाइल तयार प्रोग्राम चालवताना लागते. लिंकरच्या लेखी ती नसल्यातच जमा आहे. क्रमांक नसलेल्या नावाचा दुवा आणि हेडर फाइली 'डेव्ह' पॅकेजमधून येतात, म्हणून ते टाकताच काम झाले. म्हणजे 'सापडत नाही' हे शब्द सारखे असले तरी आपल्याला आलेल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत: पहिली बांधणी करणाऱ्या लिंकरची होती, आणि दुसरी प्रोग्राम सुरू करणाऱ्या लोडरची आहे.

उत्तर (नेरूळ)

वरील उत्तराला जोडून लिहिते. ज्युपिटरमध्ये कर्नल ही स्वतंत्र प्रोसेस असते. नोटबुकचा सर्व्हर ती सुरू करतो, आणि सर्व्हरला मिळालेले एन्व्हायर्नमेंट (अशा व्हेरिएबलांचा संच) तिच्याकडे वारशाने येते. आपली बॅशआरसी केवळ टर्मिनलमधील बॅश वाचते. आयकॉनवरून सुरू झालेला सर्व्हर थेट डेस्कटॉपच्या सत्रातून जन्मतो आणि त्याने ती फाइल कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे त्याच्या कर्नललाही आपल्या होम फोल्डरचा पत्ता ठाऊक नसतो.

पायथनचा कर्नल चालतो याचे कारण निराळे आहे. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) बसवलेल्या पायझेडएमक्यू पॅकेजमध्ये झिरोएमक्यूची स्वतःची प्रत बरोबर येते. ती पायथनच्या फोल्डरमध्ये आत दडलेली असल्यामुळे सिस्टिमच्या लोडरला दिसत नाही. नोटबुक चालते म्हणजे लायब्ररी संगणकावर आहेच, असा समज करून घेऊन मी स्वतः एक पूर्ण संध्याकाळ भलत्याच ठिकाणी शोधत बसले होते.

कृपया व्हेरिएबल रिकामे करून, म्हणजे 'अनसेट' करून, आयहॅस्केलच्या तयार प्रोग्रामच्या फाइलवर एलडीडी ही (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी आणि त्यांचे पत्ते दाखवणारी) आज्ञा चालवून पाहा. लोडर न सापडलेल्या पहिल्याच नावाशी थांबतो, तर एलडीडी सगळी यादी एकदम दाखवते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. सत्तरेक ओळींपैकी फक्त झिरोएमक्यूच्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' आले. टिन्फो, मॅजिक आदी सर्वांपुढे पत्ता आहे. आता कर्नलच्या 'कर्नल.जेसन' फाइलमध्ये तो पत्ता लिहावा का?

उत्तर (ऐरोली)

तसे करता येते. त्या फाइलमध्ये 'एन्व्ह' नावाचा विभाग ठेवून त्यात व्हेरिएबल दिले, तर ते केवळ त्या कर्नलला मिळते आणि बॅशआरसीतल्या ओळीपेक्षा ते नक्कीच बरे. तरी प्रयोगशाळेसाठी मी ते सुचवणार नाही, कारण पत्ता आपल्या होम फोल्डरचा आहे आणि विद्यार्थ्यांचे लॉगिन वेगळे असेल. आपल्याकडे ॲडमिनचे अधिकार असतील तर ऍप्टने (उबुंटूचे पॅकेजेस बसवणारे साधन) 'लिबझेडएमक्यू३-डेव्ह' टाका. नावातल्या ३ ने गोंधळू नये: २२.०४ मध्ये या पॅकेजमधून झिरोएमक्यूची ४.३.४ ही आवृत्ती मिळते आणि लायब्ररीच्या फाइलवर ५ हा क्रमांक असतो, म्हणजे लोडर मागतो आहे तोच. त्यामुळे आयहॅस्केलची बांधणी पुन्हा करावी लागू नये. नंतर होम फोल्डरमधली प्रत आणि बॅशआरसीतली ओळ दोन्ही काढून टाका, नाहीतर पुढे कधीतरी टर्मिनल एक प्रत उचलेल आणि आयकॉन दुसरी, व तो दोष शोधणे आजच्यापेक्षा कठीण जाईल.

उत्तर (नेरूळ)

इतर संगणकांवर केवळ आयहॅस्केलची फाइल नेऊन ठेवू नका. सेल चालवताना त्याला जीएचसी कंपायलर आणि त्याची पॅकेजेस लागतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी संपूर्ण मांडणी हवी. डेव्ह पॅकेजे मात्र बांधणीच्या आधीच टाका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

पॅकेज टाकले, जुनी प्रत व ती ओळ काढली, आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केले. एलडीडीमध्ये आता झिरोएमक्यूपुढे सिस्टिमच्या फोल्डरचा पत्ता दिसतो. आयकॉनवरून नोटबुक उघडून पहिल्या सेलमध्ये १ ते १० ची बेरीज दिली. ५५ आले आणि कर्नल टिकून आहे. दोघांचेही मनापासून आभार. उद्या दुसऱ्या संगणकापासून आधी पॅकेजे आणि मग बांधणी या क्रमाने सुरुवात करते.