भाजी-दुधाला कात्री लावण्याआधी फोनवरच्या ऑर्डरी मोजा. पटतंय का?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

घरखर्चाचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड स्वयंपाकघरावर पडते. फळं कमी आणा, दूध अर्धा लिटर कमी घ्या, पोळ्यांच्या मावशींना पुढच्या महिन्यापासून नको सांगा. आमच्याकडे जूनमध्ये हेच चाललं होतं. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी चढला, मे महिन्यात मोठ्या डेअरींचं दूध लिटरमागे २ रुपयांनी वाढलं, जूनमध्ये मुलाची कॉलेजची फी भरली. आईने आपणहून सांगितलं, "मला रात्रीचं दूध नको." ७६ वर्षांच्या बाईने हे सांगावं, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि जुलैपासून पै न् पै लिहायला घेतली.

जुलैअखेर जे दिसलं ते असं. घरात आम्ही चौघं. दूध, भाजी, फळं, महिन्याचं वाणसामान याचा आकडा मला वाटला होता तेवढाच निघाला. ज्याचा कुणालाच अंदाज नव्हता, ती होती दहा मिनिटांत घरी येणाऱ्या सामानाची बेरीज. महिन्यात ४१ ऑर्डरी, ११,३४० रुपये. त्यातले १,०६६ रुपये नुसते पोचवण्याचे, हाताळणीचे आणि 'कार्ट छोटी आहे' म्हणून लावलेले. आणि जवळजवळ ३,९०० रुपयांच्या वस्तू अशा, ज्या कुणाच्याच यादीत नव्हत्या.

एक उदाहरण देतो. एका संध्याकाळी कोथिंबीर संपली होती. फोनवर जुडी २२ रुपये. फुकट पोचवायला १९९ चं सामान लागतं, म्हणून मुलाने चिप्सची दोन पाकिटं, एक चॉकलेट आणि बिस्किटांचा मोठा पुडा त्यात टाकला. बिल झालं २१४. पिशवी उघडली तर कोथिंबिरीची देठं काळी पडलेली, पानं निम्मी पिवळी. तेवढ्यासाठी आम्ही २१४ रुपये दिले, आणि वर मी आईच्या पेलाभर दुधाचा हिशोब करत होतो.

ऑगस्टपासून चार गोष्टी केल्या. फ्रिजवर यादी लावली, संपलं की लिहायचं. वाणसामान महिन्यातून एकदा दुकानातून. भाजी रविवारी आणि बुधवारी जांभळी नाक्याच्या मंडईतून. फोनवरून औषध सोडून काही नाही. तेव्हापासूनच्या दोन्ही महिन्यांत दरमहा साधारण पाच हजार वाचले. आईचं दूध परत सुरू केलं, मावशी आहेत तशाच आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की काटकसर जेवणात करू नका, कामवालीच्या पगारात करू नका. आधी हे मोजा.

नेरूळची मी

दादा, तुमचा हिशोब खरा असेल, पण तो अर्धा आहे.

मी सकाळी सातच्या आत घर सोडते, संध्याकाळी सव्वाआठला नेरूळला उतरते. मानखुर्द सुटून गाडी खाडीपुलावर आली की फोन काढते आणि ऑर्डर टाकते. मी दाराशी पोचते तेव्हा पिशवीही पोचते. हे केलं नाही तर मला स्टेशनबाहेर उतरून, खांद्यावर ऑफिसची बॅग घेऊन, शेवटच्या उरल्यासुरल्या भाजीतून वेचायचं आणि नऊला घरी जाऊन कुकर लावायचा. पोचवण्याच्या २५ रुपयांत मला अर्धा तास मिळतो. माझ्या मुलीचा अभ्यास त्या अर्ध्या तासात होतो.

माझी आई चेंबूरहून फोर्टला नोकरीला जायची. तिने आयुष्यभर लोकलच्या डब्यात मटार सोलले, शेंगा मोडल्या. सगळे तिचं कौतुक करायचे, किती काटकसरी. तिला गाडीत डोळे मिटून बसायचं होतं, हे तिने मला निवृत्तीनंतर सांगितलं.

म्हणून विचारते. जांभळी नाक्याहून पिशव्या कोण आणतं? फ्रिजवरची यादी कोण लिहितं? बुधवारी आणलेली मेथी कोण निवडतं? तुमच्या पाच हजारांत कुणाच्या तरी तासांची मजुरी दडलेली आहे, आणि ती कुणाची असेल हे मी न विचारता सांगू शकते.

पाचपाखाडी

मला कोपरीकरांचं निम्मंच पटलं. आम्ही मे महिन्यात पोळ्यांच्या बाईंना बंद केलं. महिन्याचे २,८०० वाचतात. आम्ही दोघंही निवृत्त आहोत, हातपाय चालतात, पोळ्या मी स्वतः करते. यात चूक काय आहे ते कळलं नाही. खर्च कमी करायचा तर जिथे दिसतो तिथूनच करणार ना?

कोपरीकर

ताई, तुम्ही स्वतः करता याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण सिलिंडर पोळ्यांच्या बाईंच्याही घरी ५० रुपयांनीच वाढला. आपली महागाई आपण त्यांच्या गळ्यात घालतो, आणि त्यांच्याखाली मग कुणी उरत नाही ज्याच्याकडे ती पुढे सरकवावी. आमच्या मावशी चार घरं करतात. यंदा दोन घरं सुटली, दोन्ही घरांनी "महागाई फार झाली" हेच कारण दिलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितोय.

घणसोली, भाड्याचं घर

हा सगळा धागा स्वतःचं घर असलेल्यांचा आहे.

माझ्या पगारातला तिसरा हिस्सा, खरं तर त्याहून थोडा जास्तच, भाड्यात जातो. करार ११ महिन्यांचा. दर नूतनीकरणाला भाडं वाढतं. मालकाने घर विकायला काढलं तर नवं घर, नवं डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं आणि सामान हलवायचा टेम्पो. गेल्या चार वर्षांत हे दोनदा झालं. प्रत्येक वेळी एवढे पैसे गेले, की वर्षभर कोथिंबीर फोनवरून मागवली असती तरी कमीच.

चिप्स आम्ही आधीच आणत नाही. मोजायचं काय? आमच्याकडे कमी करायचं म्हणजे मुलाची चित्रकलेची शिकवणी नाहीतर गावी जाणं. गणपतीला यंदा चिपळूणला गेलो नाही, आईला फोनवर आरती ऐकवली. जे आधीच काटेकोर जगतात त्यांना वहीचा उपदेश करू नका, एवढंच सांगणं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला तिथे परवडणारं भाड्याचं घर मिळत नाही, ह्यावर धागा काढा.

ऐरोली

भाड्याचा प्रश्न मोठा आहेच, पण तो या महिन्यात सुटणार नाही. विजेचं बिल मात्र या महिन्यात येणार. विजेच्या क्षेत्रात २२ वर्षं काम केलंय म्हणून लिहितो, कारण ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी ही गळती आहे आणि तिच्यात कुणाच्याच तोंडचा घास जात नाही.

महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. वरच्या टप्प्यात गेलेल्या प्रत्येक युनिटाला चढा दर लागतो. म्हणून महिन्याला ३४० युनिट वापरणाऱ्याने ५० युनिट वाचवले तर त्यातले पहिले ४० सगळ्यात महागडे असतात.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. एका पंख्यामागे ४५ वॅट. आपल्याकडे दमट हवेमुळे पंखे बाराही महिने चालतात. तीन पंखे रोज १५ तास धरा, रोजचे २ युनिट, महिन्याचे ६० झाले. पंखा महाग येतो हे मान्य, पण तिन्ही एकदम बदलायची गरज नाही. जो दिवसरात्र चालतो तो आधी बदला, बहुतेक घरांत तो हॉलमधला असतो. दुसरं, एसी. १ जानेवारी २०२० पासून नवे घरगुती एसी सुरू करताना २४ अंशांवरच लागतात, ते यासाठीच. एक अंश वर ठेवला तर एसीची वीज ६ टक्क्यांच्या आसपास वाचते. १८ वर लावून वर रजई घेणारी घरं माझ्या इमारतीत आहेत.

खारघर

घाईत एकच लिहिते. काटकसर म्हणून मेडिक्लेम बंद करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. नूतनीकरणाच्या पावतीवर तो कमी झालाय ना, बघून घ्या. त्याच दिवसापासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले. जुना साठा विकताना दुकानदार जुनीच किंमत लावत असेल तर विचारा.

कोपरखैरणे, भाजीवाल्याची मुलगी

माझे वडील २६ वर्षं भाजीचा धंदा करतात. पहाटे तीनला उठून तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात जातात, सहापर्यंत टेम्पो भरून परत. पावसाळ्यात पालेभाजीची निम्मी गोणी चिखलाने सडते, तो तोटा त्यांचाच.

कोपरीकर काका मंडईत जातात याचा आनंद आहे. पण खर्च कमी करायचा ठरवलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे कसं वागतं तेही सांगते. फोनवर पोचवण्याचे २५ रुपये न बोलता भरणारा माणूस आमच्या टोपलीशी उभा राहून ५ रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस करतो. वर कढीपत्ता आणि दोन मिरच्या फुकट. बाबा देतात, कारण गिऱ्हाईक जाईल ही भीती.

आणि नेरूळच्या ताईंना सांगायचंय, बाबा रात्री साडेनऊपर्यंत बसतात ते तुमच्यासारख्या बायकांसाठीच. दुपारी फोन केला तर ते भाजी वेगळी काढून ठेवतात, मेथी निवडूनही देतात. माझी आई निवडते, तिचे जुडीमागे १० रुपये जास्त घेतो. तुमच्या सेक्टरातही असं कुणीतरी असेल.

दिघा

माझा भाऊ हीच डिलिव्हरी करतो. त्याला ऑर्डरीमागे पैसे मिळतात. सगळ्यांनी ऑर्डरी बंद केल्या तर त्याच्या घरचं काय, हे कुणीच लिहिलं नाही. तुमच्या १,०६६ मधला काही वाटा त्याच्यासारख्यांच्या पोटात गेलाय.

नेरूळची मी

भाजीवाल्या ताई, तुमचा निरोप मनाला लागला. उद्याच चौकशी करते. तुमच्या आईचे १० रुपये योग्यच आहेत, आणि मला तेच म्हणायचं होतं: निवडण्याला किंमत आहे. घरातली बाई निवडते तेव्हा ती शून्य धरतात.

कोपरीकर, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. मेथी कोण निवडतं?

कोपरीकर

उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण न मोजता लिहायचं नव्हतं.

आधी बाकीच्यांना. घणसोलीकर, तुमचं बरोबर आहे. ज्यांच्या घरात कमी करण्याजोगं काही उरलेलंच नाही त्यांना माझी वही कामाची नाही, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. दिघ्याच्या ताई, तुमच्या भावाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. औषधाची ऑर्डर येते तेव्हा आणणाऱ्याच्या हातात २० रुपये देतो, पण ते उत्तर नव्हे हे मला कळतं. ऐरोलीकर, हॉलमधला पंखा बदलला.

आता मेथी. बायको निवडते. वहीत मी रुपयांशेजारी एक रकाना वाढवला, 'वेळ' असा. पिशव्या मी आणतो, त्याचे दोन आठवड्यांचे माझे ६ तास. यादी लिहिणं, भाजी निवडणं, धुऊन कोरडी करून डब्यात भरणं, डाळी-तांदूळ उन्हात घालून परत भरणं, हे सगळं बायकोचं, १७ तास. ती अंधेरीला नोकरीला जाते. आकडा तिला दाखवला तर म्हणाली, "मला वाटलं याहून जास्त असेल." आईने ऐकलं आणि पुढच्या बुधवारी परात स्वतःपुढे ओढली. मी ती काढून घेतली.

मेथीच्या दोन जुड्या निवडायला मला ५५ मिनिटं लागली, बायकोला पंचवीस लागतात. देठ किती ठेवायचं हे तीनदा विचारावं लागलं. मुलाला कोथिंबीर दिलीये, त्याने मुळांसकट चिरून डब्यात भरली होती, परत निवडायला लावली.

आज सकाळी मंडईत चवळी निवडून देणारी एक बाई सापडली, पाव किलोमागे १० रुपये जास्त. घेतली. पाच हजारांतले थोडे आता तिकडे जातील.

नेरूळची मी

महिनाअखेरीला तासांचे आकडेही इथे टाका. रुपयांबरोबर.

कोपरीकर

३१ तारखेला टाकतो.