जो फ्रेझरची ओळख 'अलीशी लढलेला' एवढीच का?

निळी शाई:
२१ मार्च २०२५ ला जॉर्ज फोरमन गेला आणि हेवीवेट बॉक्सिंगमधलं ते त्रिकूट संपलं. जो फ्रेझर सगळ्यांत आधी गेला, ७ नोव्हेंबर २०११ ला, यकृताच्या कर्करोगाने. मुहम्मद अली २०१६ मध्ये. फोरमन गेला त्या आठवड्यात आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच क्लिप फिरत होती. किंग्स्टन, जमैका, २२ जानेवारी १९७३. दोन फेऱ्यांत फोरमनच्या ठोशांनी फ्रेझर सहा वेळा खाली जातो आणि समालोचक हॉवर्ड कोसेल ओरडतो, 'डाउन गोज फ्रेझर!' खाली एकाने लिहिलं, 'हाच ना तो अलीशी लढलेला?'

मला ते लागलं, म्हणून हा धागा.

दक्षिण कॅरोलिनात ब्यूफर्टजवळ शेतात राबणाऱ्या मोठ्या कुटुंबात हा मुलगा जन्मला. पंधराव्या वर्षी घर सोडून उत्तरेला आला. फिलाडेल्फियात कत्तलखान्यात काम करायचा आणि तिथे टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करायचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला तो राखीव होता. बस्टर मॅथिसचा हात दुखावला म्हणून याला उतरवलं. उपांत्य लढतीत डाव्या हाताचा अंगठा मोडला. ते लपवून तो अंतिम लढत खेळला आणि जर्मनीच्या हान्स हूबरला ३-२ ने हरवलं. त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला बॉक्सिंगमध्ये मिळालेलं ते एकच सुवर्ण.

मग ८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर अली. दोघेही अपराजित, दोघांना प्रत्येकी पंचवीस लाख डॉलर. पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडला. पंचांची तिन्ही गुणकार्डं फ्रेझरच्या बाजूने. त्या रात्री जगातला सर्वोत्तम हेवीवेट फ्रेझर होता. १९६८ ते १९७३ ही वर्षं त्याची आहेत आणि ती त्याच्याच नावावर लिहिली जावीत, एवढंच माझं म्हणणं.

घाटमाथा:
भावना समजली, पण हिशेब पटत नाही. १९७१ चा अली हा साडेतीन वर्षं रिंगबाहेर बसवलेला अली होता. व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून परवाना गेला. परतल्यावर क्वारी आणि बोनाव्हेना अशा दोनच लढती, की थेट फ्रेझर. त्यापुढे दोघे आणखी दोनदा भिडले, जानेवारी १९७४ आणि ऑक्टोबर १९७५, आणि दोन्ही अलीने जिंकल्या.

'१९६८ ते १९७३' म्हणता, तर १९६८ चं विजेतेपद कुठलं? अलीचा पट्टा काढून घेतल्यावर जे तुकडे झाले त्यातलं न्यूयॉर्कचं, मॅथिसविरुद्ध. निर्विवाद विजेता तो झाला फेब्रुवारी १९७० मध्ये, आणि तेही अलीचा जुना सराव-सोबती जिमी एलिस याला हरवून. म्हणजे विजेतेपदाची जेमतेम तीन वर्षं, आणि शेवट किंग्स्टनला. मी फ्रेझरला कमी लेखत नाही. लोक त्याला अलीसोबत आठवतात, कारण त्याची सगळ्यांत मोठी रात्र अलीसोबतची आहे.

डावखुरा:
मी विद्यापीठ पातळीवर चार वर्षं बॉक्सिंग केलंय, मिडलवेटमध्ये. जमेल तेवढं तंत्राचं सांगतो, कारण वरच्या दोन्ही प्रतिसादांत ते सुटलंय.

फ्रेझर पाच फूट साडेअकरा इंच. हेवीवेटमध्ये हे बुटकंच. लांब हातांच्या माणसाशी अंतरावरून खेळायला गेला असता तर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, खाऊनच संपला असता. म्हणून तो कमरेतून झुलत, डोकं सतत हलवत जॅबच्या खालून आत शिरायचा. आत गेला की आधी बरगड्या आणि पोट. अंगावर मार बसला की समोरच्याचे हात आपोआप खाली येतात, आणि मग वर डावा हूक. लहानपणी डुकराच्या पाठलागात पडून त्याचा डावा हात दुखावला आणि पुन्हा कधी पुरता सरळ झाला नाही, असं तो स्वतः सांगायचा. हूकसाठी कोपर वाकलेलंच लागतं. त्याचं वाकलेलंच होतं.

त्या पंधराव्या फेरीतला ठोसा नशिबाचा नव्हता. फ्रेझरचा प्रशिक्षक यँक डरहम याच्यासोबत काम करणाऱ्या एडी फचने हेरलं होतं की उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायला जाताना अलीचा उजवा हात खाली येतो आणि जबडा उघडा पडतो. तो हात खाली गेला की लगेच हूक, हे शिकवून ठेवलं होतं. चौदा फेऱ्या संपल्यावर, पाय जड झालेले असताना ती एक गोष्ट लक्षात ठेवून करणं किती अवघड असतं, हे तीन फेऱ्या खेळलेल्या कुणालाही विचारा.

आता किंग्स्टन. डोकं खाली ठेवून पुढे येणारा माणूस हा अपरकट मारणाऱ्या धिप्पाड बॉक्सरसाठी आयता सापडतो. फोरमन दोन्ही हातांनी त्याला ढकलून अंतर तयार करायचा आणि खालून मारायचा. फ्रेझरने अलीला हरवलं, फोरमनने फ्रेझरला, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला. हे वर्तुळ आहे. एक लढत उचलून कोण थोर ते ठरवता येत नाही. घाटमाथा, 'गंजलेला अली' हा मुद्दाही तपासा. किन्शासात जिंकला तेव्हा तो ७१ पेक्षा साडेतीन वर्षांनी म्हाताराच होता.

घाटमाथा:
डावखुरा, अपरकटची माहिती मला नवीन आहे, आभार. पण तुमचंच म्हणणं पुढे नेतो. फ्रेझरकडे एकच रीत होती. ती चालली नाही तेव्हा दुसरं काही नव्हतं. फोरमनकडून १९७६ मध्ये पुन्हा हरला, पाचव्या फेरीत. अलीने प्रत्येक वेळी नवा मार्ग शोधला. आणि वर्तुळातली एक कडी वेगळी आहे: फोरमनपुढे अली जिंकला, फ्रेझर दोनदा हरला.

प्राजक्त:
मी फिलाडेल्फियात अकरा वर्षं राहते. बॉक्सिंगमधलं मला फार कळत नाही, पण शहराबद्दल बोलू शकते.

नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर त्याची व्यायामशाळा होती. वरच्या मजल्यावर तो स्वतः राहायचा, विजेता होऊन कितीतरी वर्षं उलटल्यावरही. त्या भागातली पोरं तिथे सरावाला यायची. २००८ मध्ये ती बंद पडली, पुढे खाली फर्निचरचं दुकान आलं. २०१३ मध्ये इमारतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाली, म्हणजे तो गेल्यावर दोन वर्षांनी.

माझ्याकडे भारतातून पाहुणे आले की आधी आर्ट म्युझियमकडे न्यायला सांगतात, कारण तिथे 'रॉकी' सिनेमातल्या काल्पनिक बॉक्सरचा पुतळा आहे. सगळे त्याच्याशेजारी हात वर करून फोटो काढतात. टांगलेल्या मांसावर ठोसे मारायचा तो सराव मुळात फ्रेझरचा. पडद्यावर तो दुसऱ्याच्या नावाने अमर झाला. खऱ्या माणसाचा पुतळा शहराने उभारला २०१५ मध्ये. त्याने तो पाहिला नाही. निळी शाईंना जे लागलं ते मला इथे दर वेळी लागतं. आता मी पाहुण्यांना आधी फ्रेझरच्या पुतळ्याकडे नेते.

उत्तररंग:
घाटमाथा, अलीच्या तत्त्वनिष्ठेला माझाही नमस्कार. पण त्याच अलीने फ्रेझरशी जे केलं त्यावर आपण कायम पांघरूण घालतो. बंदीच्या काळात अलीला परवाना परत मिळावा म्हणून फ्रेझरने शब्द टाकला, त्याला पैसेही दिले. बदल्यात मिळालं काय? 'अंकल टॉम', म्हणजे गोऱ्यांचा हुजऱ्या. बारा-चौदा तास शेतात राबणाऱ्या काळ्या आईबापाच्या मुलाला! १९७५ च्या मनिलातल्या तिसऱ्या लढतीच्या आधी तर 'गोरिला'. पत्रकारांसमोर खिशातून रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारले. फ्रेझरच्या मुलांना शाळेत चिडवलं जायचं. तिकिटं खपवायची म्हणून एका काळ्या माणसाने दुसऱ्याला तो शब्द वापरावा, हे मला आजही सहन होत नाही. तिथून जी प्रतिमा चिकटली ती आजपर्यंत सुटलेली नाही. 'अलीचा प्रतिस्पर्धी' या ओळखीचं मूळ तिथे आहे.

समदूर:
उत्तररंगकाका, अपमान झाला हे शंभर टक्के खरं. पण त्यानंतर फ्रेझरने तो राग तीस वर्षं धरून ठेवला. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये अलीने थरथरत्या हाताने ज्योत पेटवली तेव्हा सगळं जग हेलावलं, आणि फ्रेझर म्हणाला की जमलं असतं तर त्याला आगीत ढकललं असतं. आजारी माणसाबद्दल! २००१ मध्ये अलीने माफी मागितली. आपली ओळख अलीशी बांधून ठेवण्यात फ्रेझरचाही हात होता.

उत्तररंग:
समदूर, माफी मागितली ती वर्तमानपत्राजवळ. ज्याचा अपमान केला त्याच्यासमोर जाऊन नाही. अटलांटाचं ते वाक्य वाईटच होतं, मी त्याची बाजू घेणार नाही. पण राग किती वर्षांनी सोडावा हे ज्याला गोरिला म्हटलं गेलं नाही त्याने ठरवू नये.

समदूर:
हे मान्य. एकच जोडतो. फ्रेझरच्या अंत्यविधीला पार्किन्सन्सने खंगलेला अली आला होता. सगळ्यांना उभं राहून मानवंदना द्यायला सांगितलं तेव्हा तोही उभा राहिला आणि टाळ्या वाजवल्या.

निळी शाई:
सगळ्यांचे आभार. घाटमाथा, १९६८ चा मुद्दा तुमचा. न्यूयॉर्कच्या पट्ट्याला मी जास्त वजन दिलं. निर्विवाद काळ १९७० पासूनच धरायला हवा. पण तीन वर्षंही त्याचीच आहेत. एकूण ३७ लढती, ३२ विजय, त्यातले २७ नॉकआऊट, एक बरोबरी. चारच पराभव, आणि चारही अली किंवा फोरमनकडून. तिसऱ्या कुणालाही तो कधी हरला नाही.

मनिलाबद्दल मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण ते पाहताना मला त्रास होतो. मधल्या फेऱ्यांत फ्रेझरने अलीच्या बरगड्या फोडून काढल्या होत्या. मग अली परतला. चौदावी संपली तेव्हा फ्रेझरचा उजवा डोळा बंद झाला होता, आणि डाव्याला मोतीबिंदू होता हे त्यानेच पुढे सांगितलं. म्हणजे समोरून येणारे ठोसे त्याला दिसतच नव्हते. तरी तो उठायला निघाला.

घाटमाथा:
आणि तिन्ही कार्डांवर अली पुढे होता. फचने लढत थांबवली ते योग्यच केलं.

डावखुरा:
योग्यच. फचने रिंगमध्ये बॉक्सर मेलेले पाहिले होते. 'बस बाळा, संपलं. आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही,' असं म्हणून त्याने फ्रेझरला खाली बसवलं. मनिला हे मरणाच्या सगळ्यांत जवळ जाणं होतं, असं खुद्द अली म्हणाला, आणि तो तर जिंकलेला होता. माझे कोच आम्हाला ही लढत दाखवायचे ती ठोशांसाठी नाही, फचसाठी. टॉवेल कधी टाकायचा हे कोपऱ्यातल्या माणसाला कळलं पाहिजे, म्हणायचे.

निळी शाई:
हे माहीत नव्हतं, डावखुरा. आज रात्री ग्रुपवर ७१ ची पंधरावी फेरी टाकतोय, अपरकटची ती गोष्ट तुमच्या शब्दांत खाली लिहून. किंग्स्टनची क्लिप राहू दे तिथेच.