नाशिकचं ओझर विमानतळ ते पंचवटी: आई-बाबांसाठी काय बरं?

प्रश्न: आई-बाबा परवा संध्याकाळी ओझरला उतरतायत. हॉटेल रामकुंडाजवळ. बाबांचा गुडघा दुखतो, बॅगा दोन. मी पुण्यात. ॲपवर गाडी मिळेल की हॉटेललाच सांगू?

उत्तर: ताई, हॉटेललाच सांगा. टर्मिनल हायवेपासून आत, जानोरीकडे आहे. गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन मी पाऊण तास थांबले, दोघा ड्रायव्हरांनी बुकिंग रद्द केलं. तिच्याकडे बघून जीव तुटत होता.

उत्तर: अंतर वीसेक किलोमीटर. आडगाव-अमृतधामवरून या, द्वारका चौकाच्या गर्दीत शिरायची गरजच नाही. आणि हो, गाडी दारापर्यंत जाते की पंचवटीतल्या मालेगाव स्टँडलाच उतरावं लागतं, हे आधी विचारा. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत.

ताई: हे सुचलंच नव्हतं! आत्ताच फोन करते.