सेबर खरंच एवढं भारी होतं काय?

निपाणीकर: मंडळाचा यंदाचा गणपती देखावा १९६५ च्या भारत-पाक हवाई लढाईवर आहे. फलकावर पाकिस्तानच्या सेबर या अमेरिकन लढाऊ जेटबद्दल चार ओळी पाहिजेत. एकजण म्हणतोय कोरियाच्या युद्धात त्यानं एकास दहा मिग (सोव्हिएत जेट) पाडली, दुसरा म्हणतोय आपल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानानं त्याची हवाच काढली. काय लिहायचं?

सांबरा रोड: 'एकास दहा' लिहू नका. ७८ सेबर गमावून ७९२ मिग पाडली, हा अमेरिकनांच्या दाव्यांचा हिशेब. पुढं तो बराच खाली आला. चढाईत आणि उंचीत मिग-१५ सरसच होतं. सेबर तरलं ते अख्ख्या हलणाऱ्या आडव्या शेपटीवर (ध्वनिवेगाजवळही नाक उचलता येतं) आणि रडारनं अंतर मोजणाऱ्या गनसाइटवर (नेम धरायचं यंत्र). मिगच्या ३७ आणि २३ मिमी तोफांचा एक गोळा बसला तर खेळ खलास, पण मारा सावकाश, त्यामुळं वळत्या विमानावर नेम धरणं अवघड. सेबरच्या सहा .५० इंची मशीनगनचं उलट: गोळ्या भरपूर लागायच्या, तरी कित्येक मिग भोकं घेऊन परत जायची.

गोवावेस: १९६५ चं गणित वजनाचं आहे बघा. लढाईला भरलेलं सेबर सुमारे ६.९ टन, इंजिनाचा जोर २,६८० किलो. नॅट सुमारे ३ टन, जोर २,१३० किलो. म्हणजे किलोमागं जवळजवळ दुप्पट ताकद. चढाईत सेबर मागंच पडणार. शिवाय एवढंसं विमान लांबून दिसतही नाही. सेबरवाल्याचा फायदा कमी वेगात, घट्ट वळणात. तिथं नॅटनं नादाला लागायचं नाही, वर निघून जायचं.

खानापूर जंक्शन: नॅटचंही जास्त कौतुक नको. ३० मिमीच्या दोन एडन तोफा ऐन वेळी अडकायच्या. ३ सप्टेंबरला जम्मूकडच्या छंबवर आपण पाडलं म्हणतो ते सेबर नुकसान सोसून परत आलं, असं पाकिस्तान सांगतं, आणि त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरला उतरून त्यांच्या हाती लागलं, ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे. साइडवाइंडर क्षेपणास्त्रं तर थोड्याच सेबरना होती, आणि ती मागून, तापलेल्या धुराड्यावरच धरायची.

निपाणीकर: मग दोन्ही विमानांची मापं काय घेऊ?

गोवावेस: १:१० ला नॅटचे पंख ६७ सेंमी, सेबरचे ११३. एफ-४० (सेबरचाच लांब पंखांचा प्रकार) करणार असाल तर ११९. सेबर बिनरंगी चकचकीत धातूचं, नाकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बंदुकीची भोकं. नॅटच्या तोफा नाकात नाहीत हो, हवा घेणाऱ्या तोंडांच्या बाजूला एकेक. मूर्तिकार हमखास नाकात करून ठेवतात.